अंदाजपंचे – लेखांक ७ : क्यूब फेल गेला, मग?

सिव्हिलच्या कोणत्याही साइटवर कधी ना कधी हे वाक्य कानावर येतेच: ‘अठ्ठावीस दिवसांचा क्यूब फेल गेला.’ पुढचा तमाशाही ठरलेला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मशीनच नीट नाही. लॅबवाला म्हणतो क्यूब भरतानाच हयगय झाली. कन्सल्टंट रिबाउंड हॅमर मागवतो, आणि नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेला साइट इंजिनिअर सगळ्यांची बोलणी खातो. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: एक आकडा पंचवीसच्या खाली गेला, एवढ्यावरून ते काँक्रीट ठरलेल्या एम-२५ प्रतीचे नाही असे ठरते का?

ठरत नाही. का ठरत नाही ते समजायला गेल्या दोन लेखांकांतली सरासरी आणि प्रमाण विचलन एवढी शिदोरी पुरेशी आहे. तिच्या जोडीला आज प्रसामान्य वितरण येईल, म्हणजे वर्गात सगळे ज्याला नॉर्मल कर्व्ह म्हणतात ते.

आधी क्यूब. लोखंडी साचा, आतून दीडशे मिलिमीटरचा, तेलाचा हात फिरवलेला. काँक्रीट तीन थरांत भरायचे आणि प्रत्येक थराला टॅम्पिंग रॉडचे निदान पस्तीस ठोके द्यायचे. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा, क्यूबवर तारीख घालायची आणि तो पाण्याच्या टाकीत सोडायचा. अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर काढून पुसायचा आणि मशीनच्या दोन पाट्यांमध्ये आडवा ठेवायचा, म्हणजे भरताना वर असलेली खडबडीत बाजू पाटीला लागत नाही. भार चढत जातो, कडांवर बारीक चिरा येतात, कोपऱ्यांचे टवके उडतात आणि काटा थांबतो. नीट फुटलेल्या क्यूबचा मधे उरतो तो डमरू. पाट्यांच्या घर्षणाने वरखाली धरून ठेवलेला भाग शाबूत राहतो आणि बाजू निसटतात, म्हणून हा आकार.

समजा एकाच गाडीतल्या काँक्रीटचे तीन क्यूब ६३९, ७०० आणि ६०५ किलोन्यूटनला फुटले. पृष्ठभाग २२,५०० चौरस मिलिमीटर. भागाकार केला की २८.४, ३१.१ आणि २६.९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे साइटच्या भाषेत तितके एमपीए. गाडी एक, भरणारा एक, टाकी एक, मशीनही एक. तरी तीन आकडे तीन दिशांना. काँक्रीटची भारतीय संहिता आयएस ४५६ या तिघांच्या सरासरीला, इथे २८.८ ला, ‘एक निकाल’ मानते. तिघांपैकी कुणी सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त भरकटला, तर तो निकालच बाद.

एका गाडीत ही तऱ्हा, तर महिनाभराच्या कामात काय होईल? काल पाऊस झाला, क्रश सँड ओली आली आणि कुणी पाणी कमी केले नाही. परवा गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि काँक्रीट घट्ट झाले म्हणून गाडीवाल्याने चार बादल्या ओतल्या. सिमेंटचा लॉट बदलला, खडीत धूळ जास्त आली, व्हायब्रेटर मधेच बंद पडला. प्रत्येक कारण आकड्याला थोडे वर किंवा थोडे खाली ढकलते. अशी बरीच छोटी, एकमेकांशी फारसा संबंध नसलेली कारणे एकत्र आली की त्यांच्या बेरजेतून निकालांचा ढीग मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता असा घंटेच्या आकाराचा होतो. अब्राहम द म्वाव्हरने हा वक्र १७३३ मध्ये नाणेफेकीच्या हिशेबातून काढला, आणि गाऊसने १८०९ मध्ये ग्रहांच्या निरीक्षणांतल्या चुकांना तो लावला. काँक्रीटच्या बाबतीत तो अगदी तंतोतंत बसत नाही. ढिगाच्या टोकांना त्याच्यावर फार विसंबू नये, पण मधल्या भागात तो चांगला चालतो.

आता खरा मुद्दा. एम-२५ मधले २५ हे या ढिगावर कुठे बसते? परीक्षेत हा प्रश्न विचारला की निम्मा वर्ग म्हणतो ‘मधे’. मधे असते तर सममितीने निम्मे निकाल पंचवीसच्या खाली गेले असते, आणि असले काँक्रीट कुणी घेतले नसते. संहितेची व्याख्या अशी: ज्या आकड्याखाली पाच टक्क्यांहून जास्त निकाल जाणे अपेक्षित नाही, तो आकडा. त्याला कॅरॅक्टरिस्टिक स्ट्रेंग्थ म्हणतात. म्हणजे २५ ही ढिगाची डावी कड आहे, आणि त्या कडेच्या पलीकडे विसात एक निकाल जाणार हे संहितेने आधीच मान्य केले आहे. इमारतीला त्याने धोका नाही, कारण डिझाइन करताना या २५ ला आधी ०.६७ ने गुणतात आणि मग १.५ ने भागतात. हिशेबात धरतात ते जेमतेम अकरा.

डावी कड २५ वर आणायची तर ढिगाचा मध्य कुठे हवा? प्रसामान्य वितरणात डावीकडची पाच टक्के शेपटी सरासरीपासून १.६४५ प्रमाण विचलने दूर सुरू होते. संहिता ते १.६५ धरते. एम-२५ साठी साइटचे स्वतःचे निकाल हाताशी नसतील तर प्रमाण विचलन ४ गृहीत धरायला सांगितले आहे. तेव्हा मिक्स डिझाइन करायचे ते २५ + १.६५ × ४ = ३१.६ साठी. याला टार्गेट स्ट्रेंग्थ म्हणतात. हे सूत्र प्रत्येक सिव्हिलच्या विद्यार्थ्याला पाठ असते, त्यातले १.६५ कुठून आले ते विचारा, म्हणजे वर्गात शांतता पसरते.

इथे एक घोटाळा दरवर्षी होतो. गणिताच्या पेपरात १.९६ पाठ केलेले असते, आणि विद्यार्थी तेच इथे वापरतो. १.९६ हे दोन्ही शेपट्यांसाठी आहे: अडीच टक्के डावीकडे, अडीच उजवीकडे. काँक्रीट अपेक्षेपेक्षा जास्त भक्कम निघाले म्हणून आजवर कुणी स्लॅब तोडलेला नाही. आपल्याला भीती एकाच बाजूची आहे, म्हणून सगळे पाच टक्के त्याच बाजूला ठेवायचे, आणि तेव्हा आकडा १.६५ येतो. कोष्टकात बघण्याआधी भीती कोणत्या बाजूची आहे ते ठरवा. वक्राला ते कळत नाही, तुम्हालाच सांगावे लागते.

आता एक कॉन्ट्रॅक्टर घ्या. त्याच्या निकालांची सरासरी २८ आहे आणि तो खुशीत आहे: ‘पंचवीस मागितले होते, अठ्ठावीस दिले.’ प्रमाण विचलन ४ असेल तर २५ हे सरासरीच्या फक्त पाऊण विचलन खाली आहे. पाऊणच्या पलीकडची शेपटी कोष्टकात बघा, साधारण २३ टक्के. म्हणजे चार-पाच निकालांत एक पंचवीसच्या खाली. सरासरीने त्याला फसवले नाही. त्याने तिला चुकीचा प्रश्न विचारला.

या गणितात पैसाही आहे. ज्या प्लँटवर वजनकाटे तपासलेले असतात, वाळूतला ओलावा दररोज मोजतात आणि पाणी मीटरने सोडतात, तिथे प्रमाण विचलन २.५ पर्यंत आणता येते. जिथे फावड्याने अंदाजपंचे माल टाकतात तिथे ते ५.५ जाईल. पहिल्याला सूत्राने २९.१ ची सरासरी पुरते, दुसऱ्याला ३४.१ लागते. हा पाचाचा फरक दुसरा कॉन्ट्रॅक्टर सिमेंट ओतून भरून काढतो, प्रत्येक गाडीत. मिक्स डिझाइनची संहिता आयएस १०२६२ हिच्या २०१९ च्या आवृत्तीने मात्र पहिल्याला थोडा लगाम घातला: एम-२५ साठी टार्गेट किमान २५ + ५.५ म्हणजे ३०.५ हवेच. माझ्या मते हे शहाणपणाचे आहे, कारण कागदावर कमी विचलन दाखवण्याचा मोह कुणाला होत नाही? त्याकडे पुढे येतोच.

मग क्यूब फेल कधी म्हणायचा? संहिता दोन अटी घालते. एक, कुठलाही एकटा निकाल २५ वजा ३, म्हणजे २२ च्या खाली जाऊ नये. दोन, सलग चार निकालांच्या गटाची सरासरी २५ अधिक प्रमाण विचलनाच्या ०.८२५ पट, किंवा २५ + ३, यांतले जे जास्त असेल तेवढी हवी. विचलन ४ धरले तर ही मर्यादा २८.३ येते. हे ०.८२५ बघून विद्यार्थी हबकतात, आणि पाठ करून मोकळे होतात. पण १.६५ चे निम्मे केले की तेवढेच येते, आणि हा योगायोग नाही. चार स्वतंत्र निकालांच्या सरासरीचे विचलन एकट्या निकालाच्या निम्मे असते, कारण चारचे वर्गमूळ दोन. काँक्रीट ठरल्याप्रमाणे असेल तर गटाच्या सरासऱ्या ३१.६ भोवती २ च्या विचलनाने पसरतील. त्यांची पाच टक्क्यांची डावी कड ३१.६ − १.६५ × २, म्हणजे बरोबर २८.३. संहितेने तोच प्रश्न एका निकालाऐवजी चारांच्या गटाला विचारला, एवढेच. म्हणून २४ चा एकटा क्यूब बघून हातोडा उचलू नका. आजूबाजूचे तीन निकाल आधी मागवा.

सरासरी आणि डावी कड यांची गल्लत फक्त साइटवर होते असे नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी याच मुद्द्यावर देशातल्या मोठ्या वादाला तोंड फोडले. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अंदाज बांधताना दिवसाला माणशी २,२५० उष्मांकांचा आकडा धरला होता. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की उष्मांकांची सरासरी गरज ही किमान गरज नव्हे. माणसागणिक गरज बदलते, एकाच माणसाची दिवसागणिकही बदलते. तेव्हा सरासरीखाली खाणाऱ्या सगळ्यांना कुपोषित मोजता येणार नाही, रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली ओढावी. त्यावर दांडेकरांनी कडाडून प्रतिवाद केला, आणि पुण्यातल्या या दोन दिग्गजांचा वाद बरीच वर्षे चालला. शरीर कमी खाण्याशी खरेच विनासायास जुळवून घेते का, हा त्यातला अवघड प्रश्न संख्याशास्त्राच्या बाहेरचा आहे. पण रेषा ढिगाच्या मध्यावर ओढायची की कडेवर, हा सुखात्म्यांचा प्रश्न आपल्या क्यूबचाच आहे.

आता राहिला तो कागदावरचा मोह. कधी कधी अशी फाइल हातात येते: बारा निकाल, आणि सगळे २६.० ते २६.६ च्या आत. एकही फेल नाही, एकही २७ च्या वर नाही. बघणारा समाधानाने सही करतो. जरा थांबून हिशेब करा. उत्तम प्लँट धरून प्रमाण विचलन २.५ घेतले, तरी बारा स्वतंत्र निकाल ०.६ च्या पट्ट्यात सापडण्याची संभाव्यता अब्जात एक यापेक्षाही खूप कमी आहे. वर आपण एकाच गाडीचे तीन क्यूब २६.९ ते ३१.१ पर्यंत पसरलेले पाहिले. वेगवेगळ्या दिवसांच्या बारा गाड्या त्याहून जास्त एकसारख्या कशा असतील? लबाडी करणाऱ्याला सरासरी बनवता येते, पण पसारा बनवायचे भान त्याला राहत नाही, कारण त्याच्या लेखी पसारा म्हणजे दोष. माझ्यापुरता निर्णय सरळ आहे: एखादा २४ असलेली पसरलेली फाइल मी मान्य करीन, आणि असली गुळगुळीत फाइल परत पाठवून माझ्यासमोर क्यूब फोडायला सांगेन.

या आठवड्याचा गृहपाठ. एम-२५ चे आठ निकाल, क्रमाने: २९.५, ३३.०, २७.०, ३१.५, ३४.५, २८.०, ३०.५, २६.०. चार-चारांचे दोन गट पाडा आणि गृहीत विचलन ४ धरून दोन्ही अटी लावा. मग आठही निकालांचे प्रमाण विचलन स्वतः काढा, भागताना आठाने नव्हे तर साताने, आणि सरासरीतून त्याची १.६५ पट वजा करा. उत्तर २५ च्या इतके काठावर येईल की तुम्हाला शंका यायला हवी: फक्त आठ निकालांवरून काढलेल्या विचलनावर भरवसा किती ठेवायचा? साइटचे स्वतःचे विचलन धरण्याआधी संहिता निदान तीस निकाल मागते ते याचसाठी. थोड्या निकालांवरून बोलण्याची ही अडचण डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने सोडवली. पुढच्या लेखांकात त्याच्याकडे जाऊ. तोवर गणित करून ठेवा, आणि जवळपास लॅब असेल तर एक क्यूब फुटताना बघून या.