यंत्राला कुठला उन्हाळा लागतो?

दोन दिवस डोळ्यांसमोर आणा, दोन्ही चंद्रपूरच्या बाजूचे. एक मे महिन्यातला: पारा ४५ अंश सेल्सिअसवर, हवा कोरडीठाक, आर्द्रता जेमतेम १५ टक्के. दुसरा जुलैतला: आभाळ भरलेलं, पारा ३०, आर्द्रता ८५ टक्के. औष्णिक वीज केंद्राच्या पंखेवाल्या कूलिंग टॉवरमधून जास्त गार पाणी कुठल्या दिवशी मिळेल? कुणीही जुलै म्हणेल. उत्तर आहे मे! आणि फरकही थोडाथोडका नाही, चांगला तीन-चार अंशांचा.

हे कसं, ते कळायला वीज केंद्राला मुळात गार पाणी लागतंच कशाला, ते पाहू. कोळसा जाळायचा, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचं. यात गारव्याचा काय संबंध? हा संबंध फ्रान्समधल्या सादी कार्नो नावाच्या, तिशीही न गाठलेल्या इंजिनिअरने १८२४ साली दाखवून दिला. नुसत्या उष्णतेतून काम निघत नाही. उष्णता गरमाकडून गाराकडे वाहताना निघतं. म्हणून इंजिनाला भट्टीइतकीच गरज असते ती उरलेली उष्णता टाकायच्या थंड जागेची. वाफ ५४० अंशांची आणि ही जागा ४० अंशांची असेल, तर सर्वोत्तम काल्पनिक इंजिनसुद्धा ६१ टक्क्यांच्या आसपासच थांबतं. जागा १० अंशांची मिळाली की तेच ६५ टक्क्यांवर जातं. कोळशाचा एक कणही जास्त न जाळता!

ही थंड जागा म्हणजे टर्बाइनखालचा कंडेन्सर. आत हजारो नळ्या, नळ्यांमधून गार पाणी वाहतं आणि वाफ त्यांच्यावर आपटून पुन्हा पाणी होते. पाणी झालं की आकारमान इतकं आक्रसतं की आत जवळपास पोकळी तयार होते. दाब बाहेरच्या हवेच्या दहाव्या हिश्शावर आला, तर तिथं पाणी ४६ अंशांनाच उकळतं. वाफ ३३ अंशांपर्यंत थंड करता आली, तर दाब आणखी निम्मा होतो. मग एक किलो वाफ सुमारे २८ घनमीटर जागा व्यापते, म्हणजे एखाद्या लहान खोलीभर पसरते. तेवढ्या वाफेला वाट द्यायची म्हणून मोठ्या टर्बाइनची शेवटची पाती मीटरभर लांबीची असतात. पाणी चार-पाच अंशांनी गरम आलं की हा व्हॅक्यूम घसरतो आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी निघते.

आता टॉवरकडे. तिथं कंडेन्सरमधून आलेलं गरम पाणी वरून धारांनी पडतं आणि पंखे त्यातून हवा खेचतात. थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. विदर्भातल्या घराघरांतला कूलर हेच करतो. म्हणून तर तो मे महिन्यात घर गारेगार करतो आणि जुलैत नुसता दमटपणा वाढवतो. टॉवरला थर्मामीटरचा पारा दिसतच नाही. त्याला दिसतं ते थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरल्यावर मिळणारं तापमान, म्हणजे वेट बल्ब. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ते भरतं सुमारे २४. जुलैच्या ३० अंशांना भरतं २८. टॉवर यापेक्षा चार-पाच अंश वरचं पाणी देतो. त्यामुळे बाजी मे मारतो. (ज्या उंच टॉवरना पंखे नसतात, त्यांचं गणित निराळं. ते बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा हलकी असण्यावर चालतात आणि कोरड्या उन्हात नेमका तोच फरक आटतो.)

हा गारवा फुकट मात्र नाही. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. केंद्र सरकारच्या २०१५च्या नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना मिळणारी मुभा मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटरची, म्हणजे आपल्या बिलातल्या एका युनिटमागे साडेतीन लिटर. २०१३च्या दुष्काळात परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं, ते कोळशाअभावी नव्हे, पाण्याअभावी.

गॅस टर्बाइनचं दुखणं वेगळंच. त्याला वेट बल्बशी देणंघेणं नाही, त्याला पाराच लागतो. त्याची क्षमता जगभर मोजतात ती समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात आणि ६० टक्के आर्द्रतेत. १५ अंशांना एक घनमीटर हवेचं वजन भरतं जवळपास सव्वा किलो. ४५ अंशांना १ किलो ११० ग्रॅम. टर्बाइन दर सेकंदाला ठरावीक घनमीटर हवा ओढतं, तेव्हा वजनाने हवा सुमारे ९ टक्के कमी मिळाली. वीजही ९ टक्केच कमी व्हायला हवी ना? ती कमी होते सुमारे २० टक्के!

कारण टर्बाइनच्या कमाईचा मोठा वाटा त्याचा स्वतःचाच कॉम्प्रेसर खातो. ढोबळ हिशोब मांडू. गार दिवशी टर्बाइनने १०० कमावले, ५५ कॉम्प्रेसरने खाल्ले, हाती राहिले ४५. गरम दिवशी हवा कमी म्हणून कमाई ९१वर आली. पण गरम हवा दाबायला किलोमागे जास्त कष्ट पडतात, त्यामुळे हवा घटली तरी कॉम्प्रेसरची भूक ५५च राहते. उरले ३६. कमाईतली सगळी तूट निव्वळ नफ्यातून गेली.

तिसरी तऱ्हा समुद्राची. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मिलस्टोन अणुवीज केंद्र आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथली एक अणुभट्टी थांबवावी लागली, कारण थंडाव्यासाठी घेतलं जाणारं समुद्राचं पाणी ७५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २४ सेल्सिअसच्या परवानगीपलीकडे तापलं होतं. आपल्या तारापूरच्या किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक दिवस पाणी याहून गरम असतं आणि तिथं १९६९ पासून वीज तयार होते आहे! म्हणजे २४ अंश हा काही निसर्गाने घातलेला बांध नव्हे. त्या केंद्राच्या सुरक्षेचा हिशोब जेवढ्या गरम पाण्यावर मांडला होता, तेवढीच ती मर्यादा. तारापूरचा हिशोब पहिल्यापासून अरबी समुद्राचा.

म्हणून 'आज पारा ४५वर' ही बातमी गॅस टर्बाइनला घाम फोडते, कूलिंग टॉवरला फारशी बोचत नाही आणि किनाऱ्यावरच्या अणुभट्टीच्या गावीही नसते. पंचाईत एवढीच, की पारा चढतो त्याच दुपारी घराघरांतले एसी सुरू होतात आणि विजेला सर्वांत जास्त मागणी असताना गॅस टर्बाइनची ताकद सर्वांत कमी असते. कोरड्या प्रदेशात त्याच्या तोंडाशी ओल्या जाळ्या लावून आत जाणारी हवा गार करतात. दमट किनाऱ्यावर ही युक्ती फारशी चालत नाही. आखाती वाळवंटात तर काही ठिकाणी रात्री, मागणी उतरल्यावर, वीज खर्चून मोठमोठ्या टाक्यांत पाणी थंड करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यावरून टर्बाइनची हवा नेतात. वीज तयार करण्यासाठी वीज खर्चून हवा गार करायची, हा व्यवहार वरवर वेडेपणाचा वाटतो. पण त्या ५५ आणि ३६च्या हिशोबाकडे पुन्हा एकदा पाहिलं, की तो फायद्याचा का ठरतो ते कळतं.