बौद्धिक भांडवलाचे मूल्यमापन आणि सर्वसमावेशक शिक्षण : कडा परिसराच्या अनुषंगाने

विद्यापीठाची संपत्ती कशी मोजावयाची, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटतो. वस्तुतः तो शिक्षणविषयक दृष्टीचा आहे. इमारती, उपकरणे, लाकडी सामान यांची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत होते. अध्यापकाच्या ठायी असलेली विद्वत्ता, एखाद्या विभागाने वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने घडविलेली अभ्यासाची शिस्त आणि संस्थेचे समाजाशी जुळलेले संबंध यांची नोंद मात्र त्या वहीत होऊ शकत नाही. या अमूर्त संपत्तीस अर्वाचीन परिभाषेत 'बौद्धिक भांडवल' ही संज्ञा आहे. याच्या जोडीला 'सर्वसमावेशक शिक्षण' ही दुसरी संज्ञा आता प्रत्येक अहवालात आढळते. जात, लिंग, दारिद्र्य, अपंगत्व, प्रदेश वा भाषा यांमुळे मागे राहिलेल्यांस शिक्षणाच्या प्रवाहात समान स्थान देणे, असा तिचा आशय होय. या दोन गोष्टी सामान्यतः दोन निराळ्या रकान्यांत मांडल्या जातात : पहिली संस्थेची मिळकत म्हणून, दुसरी तिचे कर्तव्य म्हणून. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ही विभागणीच सदोष असून सर्वसमावेशकता हा बौद्धिक भांडवलाच्या निर्मितीचाच एक मार्ग आहे. या प्रतिपादनाची कसोटी बीड जिल्ह्यातील कडा या गावाच्या परिसरावर लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

१. संज्ञेचा उगम

बौद्धिक भांडवलाची कल्पना प्रथम उद्योगक्षेत्रात रूढ झाली. स्वीडनमधील स्कांदिया या विमा कंपनीत लेफ एड्विन्सन यांनी १९९० नंतरच्या दशकात या भांडवलाचे स्वतंत्र विवरण वार्षिक अहवालास जोडण्याची प्रथा पाडली. पुढे त्याचे तीन घटक सर्वमान्य झाले. व्यक्तींच्या ठायी असलेले ज्ञान व कौशल्य हे मानवी भांडवल. माणसे निघून गेल्यावरही संस्थेत शिल्लक राहणारे ज्ञान, म्हणजे अभ्यासक्रम, संग्रह, कार्यपद्धती, कोश, हे संरचनात्मक भांडवल. आणि संस्थेचे बाह्य समाजाशी असलेले विश्वासाचे नाते हे संबंधभांडवल. ऑस्ट्रियाने २००२ च्या विद्यापीठ कायद्याने आपल्या विद्यापीठांवर असे विवरण प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. त्यास तेथे जे नाव आहे, त्याचा मराठी पर्याय 'ज्ञानाचा ताळेबंद' असा करता येईल.

ताळेबंद म्हटला की जमा आणि नावे या दोन बाजू आल्या. विद्यापीठाच्या ताळेबंदात वंचित विद्यार्थी कोणत्या बाजूस मांडावयाचा, हाच खरा वादाचा मुद्दा होय.

२. प्रचलित मापनपद्धती

आपल्याकडे १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद, म्हणजे नॅक, स्थापन झाली. त्यानंतर २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीची चौकट जाहीर होऊन २०१६ मध्ये पहिली क्रमवारी प्रसिद्ध झाली. या क्रमवारीत विद्यापीठांसाठी पाच निकष ठरविण्यात आले. अध्यापन व साधनसामग्री यांस शंभरांपैकी ३० गुण, संशोधनास ३०, पदवीप्राप्ती व तिच्या फलितास २०, संपर्क व समावेशकतेस १० आणि लोकमतास १०, अशी ती वाटणी होती. समावेशकतेच्या १० गुणांतच परप्रांतीय विद्यार्थी, स्त्रिया, आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास विद्यार्थी आणि अपंगांसाठीच्या सोयी हे सर्व बसविण्यात आले.

गुण थोडे, ही येथे मुख्य तक्रार नव्हे. अधिक विचारार्ह बाब अशी की, या पद्धतीत समावेशकता ही प्रामुख्याने उपस्थितांची गणना ठरते. विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हा तो मोजला जातो. तो वर्गात काय घेऊन आला, याची विचारणा कोणत्याही निकषात नाही. संशोधनाच्या रकान्यात प्रसिद्ध झालेले निबंध व त्यांचे संदर्भ मोजले जातात. ते ज्ञान कोणाच्या जीवनातून आले, हे तेथे अप्रस्तुत ठरते. अशा रीतीने दोन्ही रकाने भरतात, परंतु त्यांना जोडणारी रेघ ओढली जात नाही.

गणनेचेही महत्त्व कमी लेखू नये. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील स्थूल नोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते; अनुसूचित जातींत ते २५.९ आणि अनुसूचित जमातींत २१.२ टक्के होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्यास सांगितले आहे. दार उघडण्याचे काम आकड्यांनीच होते. आत आल्यावर काय घडते, हे सांगणे मात्र आकड्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

३. मराठवाड्यातील पूर्वदाखला

समावेशकतेतून बौद्धिक भांडवल निर्माण होते, या विधानास मराठवाड्याच्या इतिहासातच आधार सापडतो. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. तेव्हा हैदराबाद संस्थानातील मराठीभाषक विद्यार्थ्यास उच्च शिक्षणाकडे परभाषेतूनच जावे लागे. १९४५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये या संस्थेने औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. १९९४ मध्ये त्याच्या नावाचा विस्तार होऊन त्यास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्यात आले.

मिलिंद महाविद्यालयात जे विद्यार्थी आले, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात त्यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. हिशेबाच्या दृष्टीने पाहता त्यांची वसतिगृहे आणि शुल्कसवलती ही सर्व खर्चाची बाजू होय. तथापि १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगाधर पानतावणे यांच्या संपादकत्वाखाली त्याच शहरातून 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघू लागले आणि मराठीतील दलित साहित्याच्या चळवळीस एक भक्कम व्यासपीठ लाभले. ज्या अनुभवास तोवर मराठी ग्रंथव्यवहारात स्थान नव्हते, तो अनुभव आता अभ्यासक्रमात, समीक्षेत आणि परभाषांतील अनुवादांत दाखल झाला. एखाद्या विद्यापीठीय परिसराने मराठी विद्येच्या संचयात घातलेली याहून मोठी भर क्वचितच दाखविता येईल. ज्यांस 'सामावून घेतले' असे म्हटले गेले, त्यांनीच येथे विद्येची कक्षा विस्तारली.

४. कडा : सीमेवरील गाव

कडा हे आष्टी तालुक्यातील गाव, मराठवाड्याच्या पश्चिम कडेस वसलेले. एके काळी ही निजामाच्या राज्याची सीमा होती. पलीकडचा नगर जिल्हा ब्रिटिश मुलखात होता. आज तीच रेषा विद्यापीठांच्या अधिकारक्षेत्रांची सीमा झाली आहे. कडा येथील महाविद्यालयीन शिक्षण छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाशी निगडित आहे, तर बाजारहाट, दवाखाना व नोकरी यांसाठी जवळ पडणारे अहिल्यानगर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येते. सप्टेंबर २०२२ मध्ये अहिल्यानगर ते आष्टी ही रेल्वे सुरू झाली आणि तिच्या मार्गावर कडा असल्यामुळे हे जवळपण अधिकच वाढले.

हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे, आणि बीड जिल्हा ऊसतोडणी मजुरांचा जिल्हा म्हणून राज्यभर ओळखला जातो. मुकादमाकडून उचल घेऊन, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये परततात. येथे मजूर मोजला जातो तो 'कोयता' या एककाने, आणि एक कोयता म्हणजे बहुधा पती-पत्नीची जोडी. मुलींचे विवाह लवकर होण्यामागे जी कारणे आहेत, त्यांत या एककाचाही वाटा आहे.

आता सत्रपद्धतीचे वेळापत्रक या हंगामाशेजारी ठेवून पाहावे. पहिल्या सत्राची परीक्षा टोळ्या निघण्याच्या सुमारास येते आणि दुसरे सत्र जवळजवळ पूर्णपणे तोडणीच्या काळात पडते. जो विद्यार्थी स्वतः फडावर जातो तो अनुपस्थित ठरतो. जी विद्यार्थिनी गावी राहून आजी-आजोबा, धाकटी भावंडे व जनावरे सांभाळते, तीही बहुधा अनुपस्थितच ठरते. उपस्थितीच्या ७५ टक्क्यांच्या अटीस या दोघांतील भेद कळत नाही. प्रवेशाच्या तक्त्यात दोघेही समावेशकतेची आकडेवारी वाढवून गेलेले असतात. शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींकरिता संत भगवानबाबा यांच्या नावे वसतिगृहांची योजना मंजूर केली, तिचे महत्त्व याच संदर्भात ध्यानी घ्यावयास हवे.

५. भाषिक भांडवल

असा विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा त्याची पहिली परीक्षा भाषेची होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी दाखविले की, शिक्षणसंस्था प्रतिष्ठितांच्या भाषेस गुणवत्ता समजते आणि ती भाषा घरातूनच मिळालेल्यांस आयते भांडवल लाभते. अमेरिकेत विल्यम लबॉव यांनी १९६९ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीचा अभ्यास करून, प्रमाणभाषेपासून दूर असलेल्या बोलीतही तर्काची सुसंगती पूर्णपणे नांदते, हे सिद्ध केले. उत्तरपत्रिकेत बोलीरूप आले की 'अशुद्ध' असा शेरा मारून थांबणारा परीक्षक या दोन्ही निष्कर्षांकडे पाठ फिरवितो.

ऊसतोडणीच्या शब्दसंग्रहाचाच दाखला घ्यावा. लागवडीच्या काळावरून आडसाली, पूर्वहंगामी व सुरू, आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यापासून पुन्हा वाढविलेला तो खोडवा, असे उसाचे वर्गीकरण होते. फड, मोळी, वाढे, पाचट, कोपी, टोळी, उचल या प्रत्येक शब्दामागे श्रमाची, मोबदल्याची वा पतीची एक व्यवस्था उभी आहे. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तो जनावरांस वैरण होतो आणि विकला तर मजुराच्या हाती चार पैसे येतात. 'उचल' हे क्रियापदापासून सिद्ध झालेले नाम. पैसा आधी उचलावयाचा आणि श्रम नंतर फेडावयाचे, हा सारा व्यवहार त्यात साठविलेला आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ऋणबद्ध श्रम समजावून देण्यास याहून नेमका शब्द मिळणे कठीण. त्र्यं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथाचे मोल आजही टिकून आहे, याचे एक कारण असे की, त्यांनी ग्रामव्यवहाराचे ज्ञान त्याच्या स्वतःच्या शब्दांसह नोंदविले. हे काम त्यांनी अधिकारी म्हणून केले. आज ते शब्द ज्यांच्या घरात बोलले जातात, तीच मुले पदवीच्या वर्गात बसलेली आहेत.

६. मूल्यमापनाची दिशा

या विवेचनावरून कडा परिसरातील महाविद्यालयासारख्या संस्थेचा ज्ञानाचा ताळेबंद कसा असावा, याची रूपरेषा मांडता येईल.

मानवी भांडवलाच्या सदरात केवळ प्रवेशसंख्या न देता, प्रवेश घेतलेल्यांपैकी किती विद्यार्थी हंगामानंतर परत आले व किती जणांनी पदवी पूर्ण केली, हे स्त्री-पुरुषवार दाखवावे. अध्यापकांविषयीही हाच न्याय लावावा. तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक वर्षअखेर निघून जातो, तेव्हा त्याने जमविलेला अनुभवही त्याच्याबरोबर जातो. सबब अध्यापकवर्गाचे स्थैर्य हे मोजावयाच्या बाबींत आलेच पाहिजे.

संरचनात्मक भांडवलाच्या सदरात विद्यार्थ्यांच्या ज्ञानापैकी किती संस्थेत शिल्लक राहिले, हे पाहावे. नव्या धोरणानुसार अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पास श्रेयांक मिळतात. ऊसतोडणीचा शब्दकोश, स्थलांतराच्या मार्गांचे नकाशे, मराठी-कन्नड संपर्कातून बोलीत आलेल्या शब्दांची नोंद, असे प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करवून घेऊन ते ग्रंथालयात सूचीबद्ध ठेवल्यास दरवर्षी थोडी थोडी भर पडत जाईल. २०२१ पासून अस्तित्वात आलेली श्रेयांकांची बँक खंडित शिक्षण पुन्हा जोडण्यास उपयोगी पडू शकते. मात्र त्यासाठी परीक्षेची एक फेरी पट्टा पडल्यानंतर ठेवण्याची तयारी हवी.

संबंधभांडवलाच्या सदरात पालक, ग्रामसभा, बाजार समिती व शेजारच्या विद्यापीठाच्या कक्षेतील संस्था यांच्याशी चालणाऱ्या सहकार्याची नोंद व्हावी. सीमेवरील गावाने दोन्ही बाजूंस पाहणे स्वाभाविक आहे. अधिकारक्षेत्राची रेषा ज्ञानाच्या देवघेवीस आड येऊ नये.

७. एक आक्षेप व त्याचा विचार

'भांडवल' या शब्दावरच कोणी आक्षेप घेईल, आणि तो निराधार नाही. भांडवल म्हटले की मालक आला आणि नफाही आला. मजुराच्या घरातील शब्द संशोधकाने टिपून घ्यावेत, निबंध त्याच्या नावावर प्रसिद्ध व्हावा, संस्थेस गुण मिळावेत आणि ज्याने ते शब्द दिले तो पुढील दिवाळीस पुन्हा फडावर जावा, असे घडल्यास ज्ञानक्षेत्रातही उचलीचाच व्यवहार चालू राहील. फरक इतकाच की, येथे देणाऱ्यास उचलही मिळालेली नसेल. यास्तव संकलनात सहभागी विद्यार्थ्यांची नावे त्यांच्या संमतीने कर्ते म्हणून नोंदविणे आणि संग्रह त्यांच्या गावासही खुला ठेवणे, या अटी मूल्यमापनाच्या चौकटीतच समाविष्ट केल्या पाहिजेत. तसेच, जो आकडा उद्दिष्ट बनतो तो लवकरच सजविलाही जातो, याचे भान ठेवून वर्णनात्मक नोंदीस आकड्याइतकेच स्थान द्यावे.

विद्यापीठाने वंचितास प्रवेश दिला, एवढ्याने समावेशाची क्रिया पूर्ण होत नाही. त्याच्या येण्याने विद्यापीठाच्या ज्ञानात कोणता पालट झाला, या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी ताळेबंदात लिहिता येईल, त्या दिवशी ती पूर्ण झाली असे म्हणावयास हरकत नाही. कड्याच्या वर्गात पट्टा पडल्यानंतर रिकामे राहणारे प्रत्येक बाक हा त्या ताळेबंदातील न लिहिलेला तोटा आहे, आणि तो लिहिण्यापासूनच सुरुवात करावयास हवी.