ज्ञान की विश्वास? बायबलमधील एका विरोधाचा विचार

ज्ञान आणि श्रद्धा यांचे जमते की नाही, हा प्रश्न सर्वच धर्मांत विचारला गेला आहे. बायबलच्या बाबतीत तो अधिक टोचतो, कारण त्या एकाच ग्रंथात दोन्ही बाजूंची वचने आढळतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे आणि ख्रिस्तीही नव्हे. तथापि मराठी बायबल वाचताना हा विरोध मला जाणवला. तो उलगडण्यास दोन मराठी व्यक्तींची चरित्रे उपयोगी पडली, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विरोध पाहू. 'उत्पत्ती'च्या आरंभीच देव आदामाला बऱ्यावाईटाच्या ज्ञानाच्या झाडाचे फळ निषिद्ध ठरवतो. 'उपदेशक' सांगतो की ज्ञानाबरोबर दुःखही वाढते. पौल करिंथ येथील मंडळीला बजावतो की ज्ञानाने माणूस फुगतो. उलट 'नीतिसूत्रे' हा ग्रंथ ज्ञानाच्या स्तुतीने भरलेला आहे. राजा शलमोन देवाकडे धनाऐवजी विवेक मागतो आणि देव त्यावर प्रसन्न होतो. होशेय संदेष्टा तर ज्ञानाच्या अभावी लोकांचा नाश होत आहे असे म्हणतो. मग वाचकाने कोणाचे ऐकावे?

वास्तविक प्रत्येक वचन कोणाला उद्देशून आहे हे पाहिले म्हणजे निम्मा विरोध नाहीसा होतो. आदामाच्या कथेत निषेधाच्या पाठोपाठच आदाम सर्व पशुपक्ष्यांना नावे देतो. म्हणजे पाहणे, ओळखणे, वर्गीकरण करणे याला देवाची हरकत नाही. निषेध आहे तो बरे काय व वाईट काय हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेण्याला, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. 'उपदेशक'ही ज्ञानाचे दुःख सांगून थांबत नाही; मूर्खपणापेक्षा शहाणपण कितीतरी श्रेष्ठ हे तो पुढे मान्य करतोच. होशेयाचा रोख मुख्यतः ज्ञान झिडकारणाऱ्या याजकांवर आहे.

करिंथचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. मूर्तीला दाखवलेले मांस खावे की नाही, असा तेथे वाद होता. मूर्तीत काही अर्थ नाही हे ज्यांना कळले होते ते बेधडक खात आणि ज्यांचे मन कचरत असे त्यांची पर्वा करीत नसत. पौल या जाणत्यांना तुमचे ज्ञान खोटे आहे असे म्हणत नाही. ते ज्ञान दुर्बळ भावाला पायाखाली तुडवते, हा त्याचा आक्षेप आहे. म्हणजे कसोटी ज्ञान किती याची नसून त्याने शेजाऱ्याचे काय होते याची आहे.

तरीही काही विरोध शिल्लक राहतोच. थोमा नावाचा शिष्य पुराव्याशिवाय पुनरुत्थान मानायला तयार नसतो. येशू त्याला हाकलून देत नाही, जखमा दाखवतो. पण न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असेही सांगतो. पौल तर एके ठिकाणी सर्व गोष्टी पारखून घ्या असे लिहितो. पारखायचे की मानायचे?

येथे मराठी बायबलमधील शब्द मदतीला येतो. तेथे 'श्रद्धा' ऐवजी बहुधा 'विश्वास' हा शब्द आहे, आणि तो आमच्या व्यापारातलाही शब्द आहे. मी ग्वाल्हेरच्या दाना ओलीतला. आमच्या वस्तीच्या नावातच धान्य आहे. धान्याचा व्यापारी पोत्यात एक पोकळ, अणकुचीदार सळई खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतो. तिला आमच्याकडे परखी म्हणतात. दाणे पाहिल्यावर तो सबंध पोते घेतो. प्रत्येक दाणा कोणी तपासत नाही, आणि परखी न लावताही कोणी शहाणा माल घेत नाही. परीक्षेने विश्वासाला आधार मिळतो. पण उरलेले पोते विश्वासावरच घ्यावे लागते. उधारीचेही तेच.

ही परीक्षा शंभर-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्याच एका माणसाने जन्मभर दिली. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या एका खेड्यात चित्पावन कुटुंबात झाला. ते वाढले काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून खरा धर्म बुद्धीने पारखता येतो असे प्रतिपादले होते. गोऱ्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याला उत्तर दिले, तेव्हा ते आमच्याएवढेच, विशीचे होते. अतींद्रिय विषयात बुद्धी शास्त्राच्या मागून चालावी, पुढून नव्हे, ही त्यांची बाजू. गंमत अशी की येथे ख्रिस्ती लेखक परीक्षेचा पक्ष घेतो आणि हिंदू पंडित श्रद्धेचा! पुढे १८४८ मध्ये गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. मग १८६० साली त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहून हिंदू दर्शने तर्काने तपासली. परंतु नव्या धर्मातही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर विश्वास आणि शंका दोन्ही त्यांच्या सोबत होत्या. शंका आली म्हणजे विश्वास संपला, हे समीकरण त्यांच्या चरित्राने खोटे ठरते.

गोऱ्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंवर प्रभाव पडला. रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकात, पश्चिम घाटात झाला, त्यामुळे कन्नड विभागाच्या वाचकांनाही त्या परक्या नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तेथील धर्मभगिनींशी त्यांचे मतभेद सुरू झाले. त्रैक्यासारखे सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून मानण्यास त्या तयार नव्हत्या. स्वतः शास्त्र वाचून पटले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. याला अहंकार म्हटले गेले.

माझ्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. ज्ञानाने माणूस फुगतो हे वचन प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी सहज वापरता येते. परंतु पौलाची कसोटी लावली तर? रमाबाईंच्या ज्ञानाने कोणी दुर्बळ तुडवले गेले नाही. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले. हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. विश्वासाने त्यांना शिकण्यापासून थांबवले नाही, उलट उतारवयात दोन अवघड भाषांच्या कामाला लावले.

तात्पर्य, बायबलचा रोष प्रश्नांवर नसून ज्ञानाच्या मस्तीवर आहे. आणि ही मस्ती प्रश्न विचारणाऱ्याला चढते तशी उत्तर देणाऱ्यालाही चढू शकते. वर्गात बसणाऱ्या आम्ही विद्यार्थ्यांनी आणि आम्हांला शिकवणाऱ्या गुरुजनांनी ही गोष्ट सारखीच ध्यानात ठेवावी. धर्म कोणताही असो, एखाद्याने शंका विचारली तर त्याला उद्धट ठरवण्यापूर्वी त्याच्या ज्ञानाने कोणाचे बरे होते आहे की वाईट, एवढे तरी पाहावे.