अब्बा फौजेत होते? मग मुलांच्या कॉलेजसाठी हा फॉर्म विसरू नका

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे मायनॉरिटी स्कॉलरशिपची चौकशी सुरू होते. पण ज्या घरात वालिद आर्मी, नेव्ही, एअर फोर्स किंवा कोस्ट गार्डमधून रिटायर झालेत, तिथे आणखी एक हक्क आहे, आणि तो बऱ्याचदा कपाटातल्या डिस्चार्ज बुकासोबत तसाच पडून राहतो. मालवणीपासून मार्वेचं आयएनएस हमला हाकेच्या अंतरावर, तरी पालकांना विचारलं तर नाव ऐकलेलं नसतं.

ही पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. केंद्रीय सैनिक बोर्ड ती चालवतं. मुलीला महिना 3000 आणि मुलाला 2500 रुपये, म्हणजे वर्षाला 36,000 किंवा 30,000, थेट बँक खात्यात. इंजिनिअरिंग, एमबीबीएस, फार्मसी, बीएड, बीबीए, बीसीए असे व्यावसायिक कोर्स चालतात. साधं बीए, बीकॉम चालत नाही, घरबसल्या केलेला कोर्सही नाही. बारावीला किमान 60 टक्के हवेत. देशभरात वर्षाला 5500 जागा, त्यातल्या निम्म्या मुलींच्या. शहीद जवानांच्या कुटुंबांना आधी प्राधान्य.

सगळ्यात महत्त्वाचं: अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की संपलं.

अर्ज ऑनलाइन असतो, पण माजी सैनिकाचा दाखला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घ्यावा लागतो. आणि इथे आपल्या लोकांची गाडी अडते ती नावावर. डिस्चार्ज बुकात ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहम्मद’चं नुसतं ‘मो.’, दहावीच्या मार्कशीटवर ‘मुहम्मद’. मुलीचं नाव कुठे ‘शेख’ पुढे, कुठे मागे. काही घरांत तर धाकट्या मुलाची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये केलेलीच नसते. ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमधून होते, तिला वेळ लागतो. म्हणून मूल अकरावीत असतानाच तिन्ही कागद शेजारी ठेवून एक एक अक्षर ताडून बघा.

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी डिफेन्स कोटाही असतो. सीईटीच्या फॉर्ममध्ये तो रकाना रिकामा सोडू नका.

कोकणातल्या आपल्या अनेक घरांत जहाजावरची नोकरी असते. मर्चंट नेव्ही यात येत नाही. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांसाठी अर्जाची वाट वेगळी आहे.

आता मुलं विचारतात, ‘सर, अग्निवीर झालो तर पुढचं शिक्षण फुकट होईल ना?’ नाही. चार वर्षांनी जे बाहेर पडतात त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही. म्हणजे वर सांगितलेली शिष्यवृत्ती त्यांच्या मुलांपर्यंत पोचणार नाही. मिळतो तो सेवानिधी, व्याजासह साधारण 11.71 लाख, त्यावर इन्कम टॅक्स नाही. पण यातली निम्मी मूळ रक्कम त्याच्याच पगारातून दरमहा कापलेली 30 टक्के असते, तेवढीच सरकार घालतं. दहावी पास होऊन गेलेल्याला एनआयओएसकडून बारावीचं सर्टिफिकेट मिळायची सोय आहे, आणि इग्नूच्या पदवीत निम्मे क्रेडिट नोकरीतल्या ट्रेनिंगचे धरले जातात. बाकीचे निम्मे त्याला स्वतः अभ्यास करूनच मिळवायचे आहेत. चार वर्षं वर्दीत असतानाच इग्नूला नाव घातलं तर बाहेर पडताना तो पदवीधर असेल आणि सेवानिधी पुढच्या कोर्सला उरेल. नाहीतर तो पैसा घरातल्या लग्नात आणि खोलीच्या डिपॉझिटमध्ये कसा जातो, हे आपल्याला नवीन नाही.