यंत्र आले, मजुरी कोठे गेली?

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला आहे. कापूस आणि सोयाबीन ही या भागातील महत्त्वाची पिके. ज्यांना स्वतःची जमीन नाही, अशा घरांचा आधार म्हणजे निंदण, सोंगणी आणि वेचणी. यांतील निंदण व वेचणी मुख्यतः स्त्रियाच करतात.

आज निंदणाची जागा तणनाशकाने घेतली आहे. एक एकर सोयाबीन सोंगण्यास मजुरांच्या टोळीला दिवस लागे. हार्वेस्टर तेच काम मळणीसह तासाभरात उरकते. शेतापलीकडेही हेच घडले. केंद्र शासनाने २००० साली सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून अनेक जिनिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले. पूर्वी टोपल्यांतून वाहिला जाणारा कापूस तेथे नळ्या व पट्टे वाहून नेऊ लागले. वेचणी मात्र अजून हातांनीच होते. कारण बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत आणि शेतेही लहान आहेत. परिणामी मजुरांची गरज काही आठवड्यांपुरती उरते, पोट मात्र बारमाही असते.

यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. ऐन हंगामात मजूर न मिळाल्यास उभे पीक पावसात सापडते. परंतु लहान शेतकरीही यंत्र भाड्यानेच आणतो. वाचलेल्या मजुरीचा मोठा वाटा यंत्रमालकाकडे जातो. ज्याच्यापाशी भांडवल आहे, त्याची मिळकत वाढते. ज्याच्यापाशी केवळ दोन हात आहेत, त्याची घटते. विषमता रुंदावते ती अशी.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला. यंत्र माणसाचे सहायक असते, पण माणसाचे काम हिरावून घेते तेव्हा ते वैरी ठरू शकते, असा इशारा पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’मध्ये दिला. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच परंपरेचे व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या आव्हानाचे स्मरण केले.

यंत्र परत पाठवणे हा उपाय नव्हे. महिला बचत गटांनी मळणीयंत्र सामाईक मालकीने घ्यावे, मजुरांच्या मुलामुलींना यंत्र चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण मिळावे आणि रिकाम्या महिन्यांत रोजगार हमीची कामे मागावीत, असे आम्हांस वाटते.

प्रभू येशूच्या दाखल्यातील द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळत असतानाही बाजारात गेला आणि ज्यांना कोणीच कामावर लावले नव्हते, त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. आपल्या गावाच्या चौकातही अशी माणसे उभी आहेत. त्यांची विचारपूस करणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.