हरायचं ते पितळेनं

6 ऑक्टोबर 2002, रविवार. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम नुकतंच बंद झालं होतं. कुणी धक्का दिला नाही, हातही लावला नाही, तरी व्हेनिसचा शिल्पकार तुल्लिओ लोम्बार्दो याचा पुरुषभर उंचीचा संगमरवरी ‘आदाम’ धाडकन जमिनीवर कोसळला. मूर्ती पाचशे वर्षं टिकली होती. दगा दिला तो तिच्याखालच्या प्लायवुडच्या चौथऱ्यानं. 28 मोठे तुकडे झाले आणि शेकडो बारीक कपचे उडाले. ते जुळवून आदाम पुन्हा दालनात उभा राहायला 2014 साल उजाडलं.

संग्रहालयात आपण वस्तू डोळे भरून पाहतो, ती कशाच्या जिवावर उभी आहे तिकडे आपलं लक्षच जात नाही. तो आधार, म्हणजे माउंट, घडवणारे खास कारागीर असतात. छोट्या आणि मध्यम वस्तूंसाठी त्यांचा लाडका धातू म्हणजे पितळ. पोलाद त्याहून कितीतरी मजबूत. मग पितळच का?

कारण पितळ ऐकतं. मंद लाल होईपर्यंत तापवलं की ते इतकं मऊ पडतं, की बारीक सळई पकडीनं हवी तशी वळवता येते. वळवता वळवता ते पुन्हा कडक होत जातं. जास्त ताणलं तर चिरतं, म्हणून परत तापवायचं. पुण्याच्या तांबट आळीत हे कुणाला शिकवावं लागणार नाही. शिवाय पितळेला चांदीचा डाख छान बसतो. हा डाख साधारण 650 ते 750 अंश सेल्सिअसला वितळतो आणि पितळ 900 अंशांच्या आसपास. मधल्या त्या फटीत सगळी कारागिरी. ज्योत जरा जास्त वेळ रेंगाळली, तर डाखाबरोबर सळईच वितळून खाली येते.

एक वस्तू घेऊन बघू. प्राचीन ग्रीसचा मद्याचा प्याला, किलिक्स: पसरट वाडगा, बारीक दांडा, खाली गोल पाय आणि दोन बाजूंना दोन कान. चित्र आतल्या तळाशी असतं, म्हणून प्याला तिरका ठेवल्याशिवाय ते दिसत नाही. पहिला मोह होतो तो कानांना पकडायचा, आणि तेच करायचं नसतं. कान सगळ्यात नाजूक. त्यात असे बहुतेक प्याले तुकडे जोडून उभे केलेले, आणि जुना गोंद कुठे कमकुवत झालाय ते वरून कळत नाही. म्हणून कारागीर आधी वस्तू वाचतो: सांधे कुठे, वजन कुठे एकवटलंय, कुठला भाग सगळ्यात भक्कम. मग वाडग्याखाली आणि पायाशी मिळून तीन जागा निवडतो. तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू डुगडुगत नाही.

आधी मऊ तारेनं माप घेतो, त्यावरून सळई वळवतो. सळई प्याल्याला लावून बघायची, किंचित वाकवायची, पुन्हा लावायची. तापवायचं आणि कानस मारायचं काम मात्र प्याल्यापासून लांब. सराफ अंगठीत खडा बसवताना नख्या खड्यावर घट्ट दाबतो. इथे नेमकं उलट: वजन तेवढं पेलायचं, चिमटा घ्यायचा नाही. वस्तू स्वतःच्या भारानं विसावते आणि वरची एखादी क्लिप तिला फक्त निसटू देत नाही.

घडवून झालं तरी उघडं पितळ वस्तूला लावत नाहीत. त्यातलं तांबं खोड्या करतं. चामड्यातल्या तेला-मेणाशी त्याची गाठ पडली तर हिरवा चिकट थर धरतो. म्हणून डाखासोबत वापरलेल्या टाकणखाराचा अंश धुऊन काढायचा, वर पॅरलॉइड बी-72 या ॲक्रिलिक रेझिनचा हात द्यायचा, वस्तूच्या रंगाशी जुळणारा रंग चढवायचा आणि जिथे स्पर्श होणार तिथे पॉलिथिलीनची नळी किंवा पातळ फोम लावायचा. लोकरीचा फेल्ट दिसायला किती सज्जन! पण लोकरीत गंधक असतं आणि त्यानं चांदी काळवंडते.

असली गुपितं उघडी पाडायला ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 साली मांडलेली परीक्षा आजही घेतात. संशयित फोम किंवा कापड एका बंद काचपात्रात ठेवायचं, सोबत चांदी, तांबं आणि शिशाचे चकचकीत पत्रे आणि थोडं पाणी. 60 अंशांवर 28 दिवस. पत्रे डागाळले, की तो माल नापास.

आणि जमीनच हलली तर? लॉस एंजेलिसमधल्या गेटी संग्रहालयाला हा प्रश्न टाळताच येत नाही. 17 जानेवारी 1994 च्या पहाटे तिथल्या नॉर्थरिज भागात 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला. गेटीनं त्याआधीच, 1980 च्या दशकात, भूकंप सोसणारे माउंट बनवायला घेतले होते. वस्तूचा भार इथे पुरत नाही. ती उसळणार, घसरणार, फिरणार, हे गृहीत धरून सगळ्या बाजूंनी आवरावी लागते. काही उंच भांड्यांच्या पोटात वजन ठेवून गुरुत्वमध्य खाली आणतात. मोठ्या पुतळ्यांच्या बैठकीत तर सरकणारे थर असतात: खालची जमीन धावते, वरचा पुतळा तिच्यामागे फरपटत जात नाही.

या सगळ्यामागे एकच हिशोब आहे. वस्तू आणि आधार यांच्यात ताण आला, तर वाकायचं ते पितळेनं, झिजायचं ते फोमनं, ओरखडा घ्यायचा तो रंगानं. हे सगळं उद्या सकाळी पुन्हा करता येतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला मात्र दुसरा प्याला मागता येत नाही. म्हणूनच वस्तूला भोक पाडून किंवा कायमचं चिकटवून केलेला आधार कितीही भक्कम असला, तरी या धंद्यात तो नापास. चांगला माउंट तोच, जो काढून घेतल्यावर वस्तूवर आपली एकही खूण ठेवत नाही.