बोलका पहारेकरी

संगणकावर विमानयुद्धाचा खेळ खेळणारा नवशिका बहुधा एक चूक हटकून करतो. शत्रू दिसावा म्हणून तो आपल्या विमानाचे रडार आरंभापासून अखेरपर्यंत चालू ठेवतो, आणि शत्रू दृष्टीस पडण्यापूर्वी स्वतःच पाडला जातो. खेळातील हार हसण्यावारी नेता येते. परंतु हीच चूक एकदा खऱ्या युद्धात घडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची बाँबफेकी विमाने रात्रीच्या काळोखात जर्मनीवर चालून जात. लँकास्टर जातीच्या विमानात सात माणसे असत. जर्मनांची लढाऊ विमाने मागून येऊन त्यांना गाठीत. म्हणून १९४३ साली ब्रिटिश विमानांच्या शेपटीशी ‘मोनिका’ नावाचे एक लहानसे रडार बसविण्यात आले. ते मागच्या बाजूस रेडिओलहरी सोडी. त्या लहरी एखाद्या विमानावर आपटून परतल्या, की कानाला लावलेल्या यंत्रात टक् टक् असा आवाज होई. मागचे विमान शत्रूचे की मित्राचे, हे मात्र मोनिकाला सांगता येत नसे! तरीही पाठीशी कोणीतरी जागे आहे, एवढ्यानेच त्या सात जणांना केवढा धीर वाटत असेल!

पण हा पहारेकरी बोलका होता. अंधाऱ्या रात्री कंदील घेऊन शेताच्या बांधावरून जाणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याला स्वतःला काही पावलांपलीकडचे दिसत नाही. कंदील मात्र दूरच्या टेकडीवरूनही दिसतो. असे का व्हावे? त्याला वाट दिसायची, तर उजेड वाटेवर पडून पुन्हा त्याच्या डोळ्यांपर्यंत यावा लागतो. टेकडीवरच्या माणसाला तो थेट मिळतो. रडारचेही तसेच आहे. अंतर दुप्पट झाले, की जाणारी लहर चौपट क्षीण होते. परतणारा प्रतिध्वनी मात्र सोळापट क्षीण होतो. ज्याला केवळ ऐकायचे आहे, त्याचे काम त्यामुळे पुष्कळच सोपे!

जर्मनांनी नेमके हेच हेरले. त्यांचे ‘फ्लेन्सबुर्ग’ नावाचे यंत्र स्वतः एकही लहर सोडीत नसे. ते मोनिकाच्या लहरी ऐके आणि त्या कोणत्या दिशेने येत आहेत, तेवढे वैमानिकाला दाखवी. रक्षणासाठी बसविलेले यंत्रच शत्रूला घरापर्यंत आणून सोडीत होते, आणि आत बसलेल्या सात जणांना याची गंधवार्ताही नव्हती.

१३ जुलै १९४४ रोजी पहाटे एक जर्मन युंकर्स-८८ विमान वाट चुकून इंग्लंडमधील वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरले. त्यात फ्लेन्सबुर्ग सापडले. ब्रिटिशांनी तेच विमान उडवून एका लँकास्टरचा माग काढून पाहिला. मोनिकाची नजर जेथवर पोहोचे, त्याच्या कितीतरी पट दुरून माग लागला! त्यानंतर बाँबफेकी विमानांतून मोनिका काढून टाकण्यात आली.

आजच्या खेळांतील मुरलेला खेळाडू रडार बंद ठेवूनच निघतो. पुष्कळदा दूर मागे उडणारे टेहळणीचे विमान त्याला शत्रूचा ठावठिकाणा कळवीत असते. शिवाय शत्रूचे रडार आपल्यावर रोखले गेले, तर इशारा देणारे एक ऐकणारे यंत्र त्याच्याही विमानात असते. शत्रू टप्प्यात आला, की तो गरजेपुरते रडार लावतो, नेम साधतो आणि पुन्हा अंधारात दिसेनासा होतो.